मदत हवी आहे: गणित ऑलिंपियाडसाठी सिद्धता लिहायचा सराव

मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी. आयओक्यूएमची (गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा) तयारी करतेय. होमी भाभा केंद्राच्या साइटवरचे जुने पेपर सोडवून झालेत. तिथे उत्तर दोन अंकी असतं, त्यामुळे बरोबर की चूक लगेच कळतं. बीजगणित आणि संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) बरं जमतं, भूमितीही.

अडतंय ते आरएमओपाशी, म्हणजे त्यापुढच्या प्रादेशिक फेरीपाशी. 3 तासांत 6 प्रश्न, आणि प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहायची. उदाहरणार्थ, कोणत्याही 6 माणसांत तिघं परस्परांच्या ओळखीची किंवा तिघं परस्परांना अनोळखी असतातच, हे सिद्ध करा. ती सहा ठिपके काढून लाल-निळ्या रेघांनी जोडते, का ते तोंडी नीट समजावतेसुद्धा. पण कागदावर 'आकृतीवरून दिसते' एवढंच येतं. छापील उत्तरं वाचायला देऊन पाहिली. वाचताना पटतं, नवा प्रश्न आला की पुन्हा तेच. शाळेतले सर मनापासून मदत करतात, पण या प्रकारचं लेखन त्यांनाही नवं आहे.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, त्यामुळे पुण्या-मुंबईचा क्लास शक्य नाही. ऑनलाइन चालेल, रोज तासभर मिळतो. जेईई फाउंडेशन नको, त्याचा रोख वेगळा आहे.

ज्यांनी किंवा ज्यांच्या मुलांनी आरएमओ दिली आहे, त्यांनी सिद्धता लिहायला सुरुवात कुठल्या प्रकारच्या प्रश्नांपासून केली, आणि लिहिलेलं तपासून कुणाकडून घेतलं?