मदत हवी आहे: सिग्नलला मागून गाडी ठोकली, समोरचा पैसे देतोय. घ्यावेत की विम्यातून करावं?

सावली_म

नमस्कार. शनिवारी संध्याकाळी लाल सिग्नलला थांबले होते आणि मागून एक गाडी येऊन धडकली. वेग फार नव्हता. शेजारी आई बसली होती. आम्हा दोघींना काही लागलं नाही, त्या गाडीतही कुणाला नाही.

चालवणारा मुलगा कॉलेजातला, गाडी वडिलांच्या नावावर. बिचारा लटपटत खाली उतरला. "काकू, माझंच लक्ष नव्हतं," हे पहिलं वाक्य. आरडाओरडा नाही, पळून जाणं नाही. मी दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे, त्याच्या लायसन्सचे आणि आरसीचे फोटो काढून घेतले.

रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला. अगदी नीट बोलले. म्हणाले, विम्याच्या मागे नको लागूया, तुमचा गॅरेजवाला सांगेल ती रक्कम मी लगेच पाठवतो, फक्त "आता काही मागणं नाही" असा कागद सही करून द्या. मी रविवारी गाडी दाखवली. गॅरेजवाल्याने बाहेरूनच बघून बंपर बदलणं आणि रंगकाम मिळून एक आकडा सांगितला. तोच त्यांना कळवला तर आजच पैसे येतील.

माझी पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, झिरो डेप (म्हणजे जुनेपणाचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. गाडी चौथ्या वर्षात, आजवर एकही क्लेम नाही, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के. भाऊ म्हणतो चूक त्यांची आहे तर त्यांच्याच विमा कंपनीकडून घे, तुझ्या एनसीबीला हात लावू नकोस. नवरा म्हणतो पैसे घे आणि विषय संपव. मला त्या मुलाला पोलीस, कोर्ट असल्या चक्रात ढकलायचं नाही. पण उद्या आणखी काही निघालं तर भुर्दंड आपल्यालाच पडेल, हेही दिसतंय. काय करावं?

एक सांगायचं राहिलं. डिकी आता बंद करताना जरा जोर लावावा लागतो. आधी तसं नव्हतं.

अनुस्वार

आईंची मान, खांदे, कंबर ठीक आहे ना? मागून बसलेल्या धक्क्यात मानेचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतं. तसं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर कसल्याही कागदावर सही करू नका. माणसाला लागलं असेल तर तो आपसात मिटवायचा मामला राहतच नाही, पोलिसांना कळवणं आलंच.

पाना_दहा

मी हेच काम करतो म्हणून सांगतो. तुमच्या पोस्टमधलं महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे, डिकीचं.

बंपर म्हणजे आपल्याला बाहेरून दिसतं ते प्लास्टिकचं कव्हर. धक्का बसला की ते आत जातं आणि पुष्कळदा परत आपल्या जागी येतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक चीर दिसते. खरा मार त्याच्या मागच्या लोखंडी बीमने आणि बीम जिथे बोल्टने बसतो त्या ब्रॅकेटनी घेतलेला असतो. त्यामागे डिकीखालचा उभा पत्रा, ज्यावर लॉक अडकतं. तो थोडा जरी आत आला तरी डिकी लावताना जोर लागतो. तुमचं तेच झालेलं दिसतंय. पार्किंग सेन्सर असतील तर त्यांच्या क्लिपा आणि वायरिंगही बघावं लागेल.

बंपर उतरवल्याशिवाय सांगितलेला आकडा हा अंदाज असतो. उतरवायला वेळ लागत नाही. सोबत या गोष्टी करून घ्या: डिकी आणि मागच्या पॅनलमधली फट डावीकडे-उजवीकडे सारखी आहे का ते बघा. डिकीतलं कार्पेट आणि स्टेपनी काढून खालच्या पत्र्याला सुरकुती आली आहे का ते बघा. डिकीच्या रबरावर पाणी सोडून आत गळतंय का तेही पाहा. ही गळती आता पकडली नाही तर थेट पावसाळ्यात कळते, आणि तोवर पैसे देणारा माणूस फोन उचलेलच असं नाही.

उतरवलेल्या बंपरचे फोटो काढा आणि लेखी एस्टिमेट घ्या, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, रंग वेगळा.

घाटवाट

पाना_दहा यांचं काम झालं की मग हिशोब. तो भावनेवर सोडू नका, कागदावर मांडा.

भारतात एनसीबीची शिडी अशी आहे: एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सवलत फक्त ओन डॅमेज म्हणजे ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) भागावर नाही. आणि एक क्लेम केला की थेट शून्यावर. चूक कुणाची होती याचा इथे काही संबंध नाही. लोकांना हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं, पण तुमच्या पॉलिसीतून तुमच्या गाडीचा खर्च घेतला की एनसीबी गेला.

आता समजा एनसीबी वजा करण्याआधीचा तुमचा वर्षाचा ओडी प्रीमियम १०० आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वेळी ५५ भराल आणि त्यानंतर दरवर्षी ५०. क्लेम केलात तर पुढच्या वेळी १००, मग ८०, ७५, ६५, ५५, आणि सहाव्या खेपेला परत ५०. वर्षावर्षाचा फरक ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२०. म्हणजे या एका क्लेमची किंमत तुमच्या एका वर्षाच्या पूर्ण ओडी प्रीमियमपेक्षाही जास्त. गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली किंमत) दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी होईल, पण अंदाज याच घरातला. बहुतेक जण फक्त पुढच्या एका वर्षाचा फरक बघतात आणि फसतात. शिवाय एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. उद्या ही गाडी विकून नवी घेतलीत तर तो तिकडे नेता येतो.

दुसरी बाजू: क्लेममधून हातात किती पडेल? झिरो डेप नाही, त्यामुळे प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. बंपर प्लास्टिकचाच. धातूच्या भागांवर तुमच्या गाडीच्या वयाला, म्हणजे ३ ते ४ वर्षांत, २५ टक्के. रंगाच्या मालावर ५० टक्के. वर अनिवार्य वजावट (दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी ठरावीक रक्कम) आहेच. मजुरी तेवढी पूर्ण धरतात. हे सगळं कापून जे उरेल ते त्या १२०च्या आकड्याशी ताडून बघा. नुसता बंपर आणि रंग असेल तर क्लेम जवळजवळ कधीच परवडत नाही. मागचा पत्रा कापून बदलायची वेळ आली तर चित्र उलटू शकतं.

सावली_म

खूप आभार. आई बरी आहे, तरी आज दाखवून आणते. घाटवाट, पाच-सहा वर्षांचा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण भाऊ म्हणतो तो तिसरा मार्ग? त्यांच्या विमा कंपनीने माझा खर्च द्यायचा, माझा एनसीबी शाबूत. हे इतकं सरळ असेल तर सगळे तेच का करत नाहीत?

कलम_कसाई

कारण ते सरळ नाही. भावाचं तत्त्व बरोबर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. तुम्ही तो मार्ग घेतलात तर तुमच्या एनसीबीला धक्का लागत नाही, आणि त्यांच्याही नाही, कारण एनसीबी ओडी भागाचा असतो.

पण त्यांच्या कंपनीला फोन केला आणि सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) तुमच्या गाडीकडे आला, असं होत नाही. पोलिसांत नोंद करायची आणि कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर हा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. ती तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. नुकसान सिद्ध करायचं, तारखा घ्यायच्या. बंपरसाठी हे कुणी करत नाही. पण समोरचा माणूस मध्येच हात वर करतो तेव्हा हाच मार्ग उरतो, म्हणून ती ६ महिन्यांची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि फोटो जपा.

त्या वडिलांना पैसे देऊन मोकळं व्हायचं आहे यात काही काळंबेरं असेलच असं नाही. त्यांच्याही पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाई द्यायची नाही. आपल्या खिशातून तुम्हाला दिलेले पैसे ते नंतर कंपनीकडे मागू शकणार नाहीत. हे ओझं ते समजून उमजून घेत असतील तर चांगलीच गोष्ट आहे.

वडाची_पारंबी

मी वेगळं मत मांडते. दरवर्षी हप्ता कशासाठी भरतो आपण? अनोळखी माणसाशी पैशांची बोलणी करत बसण्यापेक्षा सरळ क्लेम टाका, गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये द्या, मोकळ्या व्हा. माझ्या बहिणीने असंच विश्वासाने आपसात मिटवलं. अर्धे पैसे आले, उरलेल्यांसाठी ती महिनोन्महिने फोन करत राहिली. शेवटी सोडून दिलं. एनसीबी गेला तर गेला, मनःस्ताप वाचतो.

घाटवाट

ताई, बहिणीचं झालं ते वाईटच. म्हणून तर पैसे हातात आल्याशिवाय बंपर उतरवून ठेवलेल्या गाडीचं काम पुढे न्यायचं नाही. पण सावली यांच्याकडे सगळे फोटो आहेत, माणूस स्वतःहून फोन करतोय. इथे पहिल्यांदा क्लेमकडे धावायचं कारण मला दिसत नाही. क्लेमचा रस्ता बंद होऊ द्यायचा नाही, एवढंच. कंपनीला आजच कळवून ठेवा. उशिरा कळवलं हे नाकारण्याचं नेहमीचं कारण असतं. नंतर क्लेम नको वाटला तर मागे घ्या आणि "क्लेम मागे घेतला, कोणतीही रक्कम दिलेली नाही" असा ईमेल मागून घ्या. नूतनीकरणाला एनसीबी सांगताना तो लागेल. क्लेम घेऊनही घेतला नाही असं तिथे लिहिलं तर पुढच्या मोठ्या अपघातात ओडीचा सगळा लाभ बुडू शकतो, म्हणून कागद स्वच्छ हवा.

आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. बंपर उघडून बघायचा तोही कंपनीला सांगून.

कलम_कसाई

कागदाबद्दल. ते म्हणतात तसा "आता काही मागणं नाही" एवढाच कागद देऊ नका. त्यात लिहा: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, दोन्ही मालकांची आणि चालकाची नावं, कुठले भाग खराब झाले (एस्टिमेट जोडा), किती रक्कम, कशी दिली. मग एक ओळ: "वरील भागांच्या दुरुस्तीपोटी." "सर्व प्रकारच्या नुकसानीपोटी" हे शब्द येऊ देऊ नका, विशेषतः आईंची तब्येत पूर्ण स्पष्ट होईपर्यंत. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने घ्या म्हणजे नोंद राहते. सही पैसे जमा झाल्यावर. त्यांचं लायसन्स किंवा आरसी मूळ स्वरूपात तारण म्हणून ठेवून घेऊ नका, कुणी कितीही सुचवलं तरी.

सावली_म

सगळ्यांना कळवते. आईला डॉक्टरांनी तपासलं, काही नाही. विमा कंपनीला कळवलं होतं, त्यांच्याकडून हो आल्यावर गॅरेजमध्ये बंपर उतरवला. पाना_दहा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं: एका बाजूचं ब्रॅकेट वाकलंय आणि लॉकचा पत्रा किंचित आत आलाय. कापावा लागणार नाही, ओढून सरळ होईल म्हणाले. खालचा पत्रा ठीक, पाणी गळत नाही. नवं एस्टिमेट रविवारच्या आकड्याच्या जवळपास दीडपट झालं.

घाटवाट यांच्या पद्धतीने मांडलं. घसारा आणि वजावट गेल्यावर क्लेममधून जे मिळालं असतं, ते एनसीबीच्या नुकसानीपेक्षा कमीच भरलं. म्हणून फोटोंसकट एस्टिमेट त्या काकांना पाठवलं. ते आधी थोडे गप्प झाले, मग म्हणाले मी येऊन बघतो. आले, वाकलेलं ब्रॅकेट हातात घेऊन पाहिलं आणि तयार झाले. मुलगाही सोबत होता. रक्कम जमा झाली, वरच्या मजकुराप्रमाणे दोन प्रती करून सह्या केल्या.

आता शेवटचं विचारते. काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना नेमकं काय तपासू?

पाना_दहा

डिकी एका हाताने, जोर न लावता, पाच-सहा वेळा लावून बघा. दोन्ही बाजूंच्या फटी बोटाने मोजा. रंग दिवसाच्या उजेडात, बाजूने तिरकं बघून ताडा, ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. रिव्हर्स टाकून प्रत्येक सेन्सरसमोर माणूस उभा करा, चारही वाजले पाहिजेत. नंबरप्लेटचा दिवा आणि मागचे सगळे लाइट लावून बघा, बंपर बसवताना तिथली वायर दबते. जुनं ब्रॅकेट आणि बंपर मागून घ्या, बदललं की नाही ते त्यावरून कळतं. आणि बिल तुमच्या नावाने, पार्ट नंबरसकट.