वाचनालयात नुसती पुस्तकं बदलायची, की त्यांच्यावर बोलायचंही?

गंगेकाठची

मी 22 वर्षं नाशिकमधल्या एका वाचनालयाची सभासद आहे. शनिवारी देवघेवीच्या खिडकीशी जायचं, दोन पुस्तकं परत करायची, दोन घ्यायची. मागच्या महिन्यात एक जुना कथासंग्रह आणला. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकच सभासद क्रमांक तीनदा दिसला. कुणीतरी तो संग्रह तीन वेळा घरी नेला होता. त्यातली शेवटची गोष्ट मला नीट उलगडली नाही, आणि वाटलं, या माणसाला विचारावं. तो कदाचित शनिवारी माझ्याच मागे रांगेत उभा असेल. पण आम्ही बोलणार कुठे?

वाचनालयात कार्यक्रम होतात, पण त्यात बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर. व्याख्यानांना माझा विरोध नाही. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला ऐकतच मी मोठी झाले. पण वाचकाने तोंड उघडावं अशी जागा वेगळी लागते. माझी मागणी एवढीच: प्रत्येक वाचनालयात महिन्यातून एकदा वाचनकट्टा. दहा-बारा माणसं, एक पुस्तक, गोल खुर्च्या. पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको. आणि दोन महिन्यांतून एकदा लिहिणाऱ्यांची बैठक.

आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, पुण्याच्या नगर वाचन मंदिरापेक्षा आठ वर्षांनी जुनं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची सुरुवात याच शहरात 2009 साली झाली. पुस्तकांची पेटी एका घरी ठेवायची, आसपासच्या वाचकांनी तिथून पुस्तकं न्यायची, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. पेटीभोवती माणसं जमतात हे आपण पाहिलंय. मग जिथे हजारो पुस्तकं आहेत तिथे का जमू नयेत?

देवघेव

ताई, मी 31 वर्षं ग्रंथपाल होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. माझा याला विरोध आहे.

आधी पैशाचं बघा. 2022 साली परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला सरकार देतं ते, 60 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान वाचनालयाला वर्षाला 30 हजारांऐवजी 48 हजार रुपये ठरले. त्यातली निम्मी रक्कम पगाराची. म्हणजे महिन्याला दोन हजार. त्या दोन हजारांत एक माणूस कुलूप उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं सगळ्यांना खुल्या असलेल्या मुक्तद्वार विभागात लावतो, देवघेव बघतो, आलेल्या प्रत्येक प्रतीला क्रमांक देऊन दाखल नोंदवही लिहितो, तपासणीची कागदपत्रं करतो. कर्नाटक आणि तमिळनाडूत ग्रंथालयासाठी उपकर आहे. आपल्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात तो नाही. तुमचा कट्टा रात्री आठला संपला की कुलूप कोण लावणार? तोच माणूस.

दुसरं, प्रती. बारा जणांनी एक पुस्तक वाचायचं तर बारा प्रती हव्यात. साडेतीनशेचं पुस्तक धरलं तर 4,200 रुपये. तेवढ्यात बारा वेगळी पुस्तकं येतात, आणि ती बारा वेगळ्या वाचकांना मिळतात. कट्टा झाल्यावर अकरा प्रती कपाटात पडून राहतील. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं. सगळ्यांनी मिळून एकच वाचावं, असं त्यात नाही.

पेठचा

मी राज्यसेवेची तयारी करतो. पंचवटीत चौघांत एक खोली आहे. सकाळी सात ते रात्री नऊ मी अभ्यासिकेत असतो आणि त्यासाठी दरमहा फी भरतो. आमच्या फीवर अनेक वाचनालयांचं वीजबिल निघतं, हेही कुणीतरी लिहायला हवं.

गावी शांतता भरपूर होती, पण दिवा नव्हता. इथे दिवा आहे, पण शांतता फक्त वाचनालयात आहे. गेल्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या आठ दिवस आधी आमच्याकडे पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. तीन तास माइक चालू होता. मी पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो आणि एक ओळ वाचू शकलो नाही. तुम्हाला बोलायला जागा हवी आहे, हे समजतं. आम्हाला न बोलायला जागा हवी आहे. आणि ती आमच्याकडे दुसरी कुठेच नाही.

गंगेकाठची

पेठच्या दादा, हे मला सुचलंच नव्हतं. खरंच. बारा माणसांना माइक लागत नाही, एवढं लगेच सांगू शकते. बाकी तुमचं वाचून विचार करते आहे.

देवघेव काका, पगाराचं तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण त्यावरून वाचकांनी गप्प बसावं, हे मला पटत नाही. वाचनालयात ज्यांचा जीव गुंतलेला आहे असे शे-दोनशे सभासद असतील, तर अनुदानासाठी भांडायलाही माणसं असतील. आज वाचनालय बंद पडलं तर वर्गणीदार दुसरीकडे नाव घालतो आणि विषय संपतो.

सिडको दुपार

प्रतींच्या हिशेबावर मी लिहिते, कारण तो आम्ही सोडवला आहे.

आम्ही आठ-नऊ बायका सिडकोत गुरुवारी दुपारी दोन ते चार बसतो. नवरे अंबडला नाहीतर सातपूरला कारखान्यात, मुलं शाळेत. आम्ही पुस्तक घरी वाचून येत नाही. तिथेच वाचतो, मोठ्याने. एकीने दोन पानं वाचायची, पुढचीने दोन. एका बैठकीत एक कथा होते, प्रत एकच लागते. आमच्यातल्या एकीची शाळा सातवीत सुटली. पहिले दोन महिने ती फक्त ऐकायची. तिसऱ्या महिन्यात तिने पुस्तक स्वतः ओढून घेतलं. अडखळली, पण कुणी मध्ये बोललं नाही.

एकदा दलित कथाकार बाबूराव बागुलांची कथा वाचली. त्यांचा पहिला कथासंग्रह 1963 चा, आणि त्यांचा जन्म विहितगावचा. आमच्यातली एक विहितगावची सून. बारा वर्षं तिथे राहते, आणि हे तिला पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, "आमच्या गावचा माणूस एवढं लिहून गेला, मला कुणी सांगितलंच नाही." त्या दिवशी कथेपेक्षा गावावर जास्त बोलणं झालं. कुणाला विहिरीवर थांबवलं जायचं, कुणाला नाही. एकीने असं काही सांगितलं की जे तिने घरातही कधी काढलं नव्हतं. काका, अशी दुपार देवघेवीच्या खिडकीत होत नाही.

फक्त एक खंत आहे. आम्ही बसतो ते एकीच्या हॉलमध्ये. वाचनालयात विचारलं तर सांगितलं, दुपारी एक ते चार बंद असतं. बायकांना मोकळी असते ती नेमकी हीच वेळ. आणि संध्याकाळी साडेपाचला टिळकपथावरच्या वाचनालयात काही ठेवलं तर सिडकोतून बस धरून कोण जाणार? त्या वेळी आमच्याकडे कणीक मळायची असते.

वहीतला

वाचनकट्ट्याला माझी हरकत नाही. लेखनाच्या बैठकीला आहे, आणि मी स्वतः लिहितो म्हणून आहे.

अशा बैठकीला कोण येतं? स्वतःची कविता वाचायला येणारे. एका वाचनालयात मी वर्षभर अशा बैठका घेतल्या. एका बैठकीला चाळीस जण आले. प्रत्येकाने वाचलं आणि आपलं झालं की चप्पल घातली. शेवटच्या कवीसमोर आम्ही सहा जण होतो. तो गंगापूरजवळच्या खेड्यातून आला होता, आणि त्या दिवशीची सगळ्यात चांगली कविता त्याची होती. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मी बैठका थांबवल्या त्या त्याच्यामुळे.

डिसेंबर 2021 मध्ये आडगावला 94 वं साहित्य संमेलन झालं. त्यानंतर आपल्यातल्या किती जणांनी वाचनालयात नाव नोंदवलं? नाशिकला लिहिणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. उणीव वाचणाऱ्यांची आहे. वाचनालयाने लिहिणाऱ्यांना मंच देणं म्हणजे नेमका उलटा उपचार.

गंगेकाठची

त्या कवीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दादा, दोष बैठकीचा नव्हता, तिच्या पद्धतीचा होता. माझी कल्पना वेगळी आहे. लिहिणाऱ्याने आपलं वाचायचंच नाही. दोन पानांच्या प्रती आधी वाटायच्या, वाचणार दुसरा कुणीतरी. त्यावर बाकीचे बोलतील तोवर लेखक गप्प. शेवटी त्याला पाच मिनिटं. एका बैठकीत फक्त तिघांचं लेखन, आणि आपला नंबर लागण्याआधी तीन बैठकांना हजर राहायचं. ज्याला टाळ्या हव्या आहेत तो पहिल्याच बैठकीनंतर येणार नाही. ज्याला सुधारायचं आहे तो राहील. आणि सुधारायचं असेल तर त्याला वाचावंच लागेल. ती पुस्तकं तो तिथूनच नेईल.

वहीतला

लेखक गप्प, हे कठीण आहे. मला स्वतःला जमेल का, सांगता येत नाही. पण तीन बैठकांची अट मला त्या वेळी सुचायला हवी होती.

देवघेव

सिडकोच्या ताईंचं दोनदा वाचलं. मोठ्याने वाचायचं तर प्रत एक पुरते, हे मान्य. माझा तो मुद्दा मी मागे घेतो.

बाकी विरोध तसाच आहे, आणि कारण सांगतो. आमच्याकडे दोनदा वाचक मंडळ निघालं. पहिल्या महिन्यात वीस, दुसऱ्यात पंधरा, चौथ्यात चार. सातव्या महिन्यात मी एकटा सतरंजी घालून बसलो होतो. मंडळ काढणाऱ्यांचा नंतर फोनही आला नाही. त्यांच्यासाठी मी कपाटं हलवली होती. उत्साह सभासदांचा असतो, ओझं कर्मचाऱ्यावर पडतं. म्हणून विचारतो: सातव्या महिन्यात तुम्ही असाल का? सगळ्या नाही, दोघी तरी?

सिडको दुपार

आमचा हा चौदावा महिना आहे, काका. पावसाळ्यात तिघीच होतो, तरी बसलो. जागा द्या, झाडून आम्ही घेऊ. कुलूपही आम्ही लावू, पण किल्ली कुणाच्या तरी सहीने रीतसर मिळायला हवी.

पेठचा

एक सुचवतो. रविवारी दुपारी अभ्यासिकेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण बरीच मुलं सराव परीक्षेला जातात. दोन ते चार बसा, पण बालविभागात. तो आमच्या भिंतीला लागून नाही आणि रविवारी तिथे सकाळीच मुलं येतात. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मात्र नाही. तारखा मी आधीच देईन. आणि जमलं तर एखाद्या रविवारी मीही येईन. दोन वर्षांत परीक्षेच्या बाहेरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही.

देवघेव

रविवार म्हणजे कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस जातो. बदल्यात त्याला दुसरी सुटी द्या, आणि तसा कार्यकारी मंडळाचा ठराव करून घ्या. तोंडी नको, तोंडी आश्वासनांवर मी 31 वर्षं काढली आहेत.

आणखी एक. जुन्या वाचनालयांत काही पुस्तकांच्या तीन-तीन, चार-चार प्रती असतात. एके काळी त्यांना मागणी होती म्हणून घेतलेल्या. आता त्या वरच्या फळीवर असतात आणि निर्लेखनात, म्हणजे जुनी पुस्तकं यादीतून काढून टाकतात तेव्हा, पहिल्या बाहेर जातात. नव्या प्रती मागण्याआधी ग्रंथयादीत त्या शोधा. एकाच नावापुढे सलग तीन दाखल क्रमांक दिसले की समजायचं. तुमच्या वाचनालयात निर्लेखन कधी आहे, ते आधी विचारा.

गंगेकाठची

विचारलं. पुढच्या महिन्यात आहे. शनिवारी अकराला यादी घेऊन बसते, पहिल्या कपाटापासून. काका, तुम्ही येणार असाल तर शिडी धरायला कुणीतरी लागेल, पेठच्या दादांना सांगून ठेवते.