मेडिकल शब्दांची उपसर्ग-धातू पद्धत: कुठल्या क्रमाने शिकवावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. धाकटी बहीण जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमात. विषय समजतो, पण इंग्रजी शब्द आले की अडते.

पाठांतर सोडून शब्द फोडायला लागलो. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं; त्यामुळे नेफ्रायटिस (मूत्रपिंडाचा दाह), नेफ्रेक्टमी (मूत्रपिंड काढणं) पटकन जमले. शेवटचे प्रत्यय आता पक्के आहेत, त्यांची काळजी नाही.

घोळ दोन ठिकाणी होतो. एकाच अवयवाला दोन धातू: मूत्रपिंडाला ग्रीक 'नेफ्रो' आणि लॅटिन 'रीन', फुफ्फुसाला 'न्यूमो' आणि 'पल्मो'. आजार-शस्त्रक्रियांत बहुधा ग्रीक, रचनेच्या नावांत लॅटिन दिसतं, पण रीनल फेल्युअर (मूत्रपिंड निकामी होणं) आला की हा नियम मोडतो, कारण आजार असूनही धातू लॅटिन. दुसरं, उपसर्ग फसवतात. 'ॲन' म्हणजे अभाव धरला की ॲनिमिया सुटतो, ॲनाटॉमी मात्र चुकते, कारण तिथे उपसर्ग 'ॲना' आहे. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) यांची अदलाबदल तर वॉर्डात चालणारच नाही. साखर कमी की जास्त, यावर उपचारच उलटा होतो.

फ्लॅशकार्ड करून पाहिले. सुटे धातू आठवतात, नवा शब्द फोडता येत नाही. क्लास परवडणार नाही, अभ्यास मोबाइलवर, रोज जेमतेम तासभर.

नर्सिंग किंवा मेडिकलला मराठी माध्यमातून गेलेल्यांनी कृपया सांगावं: ग्रीक-लॅटिन जोड्या एकत्र शिकाव्यात, की एकेक अवयवसंस्था घेऊन तिचेच सगळे शब्द फोडावेत? आणि फसवा उपसर्ग ओळखायची तुमची पद्धत काय होती?