मदत हवी आहे: मिल्टन कीन्सहून स्टोक ब्रुअर्नचा कालव्याकाठचा पब, आई-बाबा गाडीने आणि आम्ही सायकलने

पानकोंबडी

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात साताऱ्याहून आई-बाबा आमच्याकडे मिल्टन कीन्सला येत आहेत. बाबांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवा म्हणजे धरणाचं पाणी उतारा-उताराने शेतापर्यंत नेणारा पाट, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. इथला कालवा शेतासाठी नाही, बोटींसाठी खणला आणि तो टेकडी चढतो, असं मी फोनवर सांगितल्यापासून ते दर वेळी तोच विषय काढतात. त्यामुळे त्यांना ग्रँड युनियन कालव्यावर स्टोक ब्रुअर्न या गावी न्यायचं ठरवलंय. तिथे वरच्या लॉकजवळ (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) 'द बोट इन' हा गवताने शाकारलेला जुना पब आहे. 1877 पासून एकाच कुटुंबाकडे आहे. बाहेरच्या बाकावर जेवता जेवता बोटी वर-खाली होताना दिसतात, म्हणजे बाबांना तासभर उभं राहावं लागणार नाही.

आता अडचण. आम्ही पाच जण. लेक नऊ वर्षांची आहे आणि तिला घरापासून पबपर्यंत सायकलनेच जायचंय. नवरा आई-बाबांना गाडीने आणेल, मी आणि लेक मिल्टन कीन्समधल्या वुल्व्हर्टनहून टोपाथने, म्हणजे पूर्वी बोटी ओढणारे घोडे चालायचे त्या कालव्याकाठच्या वाटेने, जाऊ असा विचार आहे. अंतर साधारण आठ मैल. वाटेतल्या कॉसग्रोव्ह गावापर्यंतचा रस्ता माझ्या ओळखीचा आहे, पुढचा नाही. तिथे लहान मुलीला पाण्याकडेने नेण्यासारखी वाट आहे का? किती वेळ धरावा? आई-बाबा तिथे पोचून ताटकळायला नकोत आणि आम्ही घामाघूम होऊन पोचेपर्यंत स्वयंपाकघर बंद व्हायला नको.

दुसरी गोष्ट आईची. आई माळकरी आहे. पंढरीची वारी पायी केलेली बाई. तिने मला सरळ विचारलं, "तिथे मी बसायचं कुठे आणि खायचं काय?" तिला आग्रह करून नेऊन अवघडून बसवायचं नाहीये. तिला खरंच बरं वाटेल अशी सोय असेल तरच नेईन, नाहीतर डबा घेऊन कालव्याकाठी बसू. ज्यांनी आपले आई-वडील अशा गावाकडच्या पबात नेले आहेत त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

रानवाटा

कॉसग्रोव्ह ते स्टोक ब्रुअर्न मी सायकलने गेलो आहे, म्हणून वाटेपुरतं सांगतो.

वुल्व्हर्टन स्टेशनजवळून कालव्यावर उतरलात की थोड्याच वेळात ग्रेट ऊझ नदीवरचा लोखंडी जलसेतू लागेल, म्हणजे कालवाच नदीवरून नेणारा पूल. 1811 चा आहे. आधीचा सेतू 1808 मध्ये कोसळला, त्यानंतर हा लोखंडी पन्हळ बांधला. इथे सायकलवरून उतराच. वाट अरुंद आहे, चालण्याच्या बाजूला कठडा आहे पण कालव्याच्या पलीकडच्या कडेला काहीच नाही, नुसता लोखंडी काठ आणि खाली नदी. लेकीला थांबून बघू द्या, बाबांनाही नंतर गाडीने कॉसग्रोव्हला आणून दाखवण्यासारखी जागा आहे.

कॉसग्रोव्हला एक लॉक आहे, पुढे कोरीवकाम केलेला सुंदर दगडी पूल. तिथून स्टोक ब्रुअर्नच्या पायथ्यापर्यंत पाच मैलांहून जास्त अंतरात एकही लॉक नाही, म्हणजे वाट पूर्ण सपाट. दम लागणार नाही. पण मिल्टन कीन्समधल्या रुंद वाटेची सवय असेल तर इथे वेग निम्मा होतो. बरंचसं गवत, मधे मातीची एकच पायवाट, झुडपं अंगावर येतात आणि पाऊस पडून गेला असेल तर चिखल. अरुंद टायरची सायकल नको. नऊ वर्षांच्या मुलीला झुडपांच्या बाजूने पुढे ठेवा, तुम्ही मागे. शेजारी शेजारी चालवू नका. वाटेत थांबत गेलात तर दोन तास लागतील, आणि थांबायलाच हवं.

पुलाखाली वाट एकदम निमुळती होते आणि समोरचं दिसत नाही. घंटी वाजवा, हळू व्हा, चालणाऱ्याला आधी जाऊ द्या. टोपाथवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. परवाना वगैरे काही लागत नाही. पुलांच्या कोपऱ्यावर जुने दगड किंवा लोखंडी पट्ट्या दिसल्या तर मुलीला त्यातल्या खाचा दाखवा. घोडे बोटी ओढायचे तेव्हा ओले दोर घासून त्या पडल्या आहेत.

एक फार कामाची गोष्ट: प्रत्येक पुलावर क्रमांकाची पाटी असते. क्रमांक उत्तरेला ब्राउन्स्टन गावापासून सुरू होतात, त्यामुळे तुमच्या दिशेने आकडा कमी होत जाईल. नवऱ्याला फोन करून "अमुक पुलापाशी आहोत" एवढं सांगितलं की त्याला नकाशावर नेमकं कळतं. कालव्यावर घरं नसतात, पत्ता सांगता येत नाही, तेव्हा हाच पत्ता.

जुना नावाडी

बाबांबद्दल वाचून फार आनंद झाला. पाटबंधाऱ्यातला माणूस लॉक बघायला येतोय, त्यांना नीट दाखवा.

माझा सल्ला: गाडीवाल्यांनी थेट पबच्या दारात जाऊ नये, आधी खालची लॉक बघून वर यावं. स्टोक ब्रुअर्नला सात लॉक आहेत, क्रमांक 14 ते 20. सात मिळून 56 फूट चढ, म्हणजे सरासरी आठ फूट प्रत्येकी. लॉक साधारण 72 फूट लांब आणि 14 फूट रुंद. बाबा तोंडी हिशेब करतील: एकदा भरायला सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी. पंप नाही, मोटर नाही. वरच्या पातळीचं पाणी झडपेतून खाली लॉकमध्ये सोडायचं, बोट आपोआप उचलली जाते. दरवाजे वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात, म्हणून पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बंद ठेवतो. पातळी सारखी झाली की माणूस पाठीने दाराला जोडलेली लाकडी तुळई ढकलतो आणि दार उघडतं. प्रत्येक बोट वरून खाली जाताना एवढं पाणी घेऊन उतरते, त्यामुळे वरच्या टप्प्याला पाणी कुठून पुरवायचं हा इथल्या इंजिनिअरांचा कायमचा घोर होता. बाबा हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारतील याची मला खात्री आहे.

वरच्या लॉकजवळ एक बंद पडलेला जोड-लॉक दिसेल. 1830 च्या दशकात बाजूला जादा लॉक बांधले होते, त्यातला हा एक. आता त्यात बोटींचं वजन करायचा जुना काटा ठेवला आहे. समोरच्या जुन्या धान्याच्या गिरणीत 1963 पासून कालव्याचं संग्रहालय आहे.

जेवण झाल्यावर उत्तरेकडे थोडं चाललात की ब्लिसवर्थ बोगद्याचं तोंड येतं. 1805 मध्ये खुला झाला, 3,076 यार्ड लांब, म्हणजे पावणेतीन किलोमीटरहून जास्त. आत वाट नाही. घोड्याला टेकडीवरून न्यायचे आणि बोटीवर माणसं आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलत न्यायची. 1871 मध्ये वाफेच्या बोटी आल्या तेव्हा त्यांची सुटका झाली. मला त्या तोंडाशी उभं राहिलं की त्या माणसांच्या पायांचा विचार येतो. सायकली बोगद्यात जाऊ शकत नाहीत, एवढं लेकीला आधीच सांगा.

आणि लॉकच्या काठावर मुलीने सायकल चालवायची नाही, हातात धरून चालायचं. तुळईवर बसायचं नाही, बोटवाले येऊन ती हलवतात.

तूपभात

मी माझ्या सासूबाईंना नेलं आहे. त्याही माळकरी. म्हणून आईंच्या प्रश्नाला उत्तर देते.

बसायचं कुठे: बाहेर. कालव्याकाठच्या बाकांवर आजी-आजोबा, तान्ही मुलं, कुत्री, चिखलाचे बूट घातलेले चालणारे, सगळे असतात. बरेच जण नुसता चहा घेऊन बसतात, कोणी काही म्हणत नाही. टेबलापाशी वेटर येत नाही बहुधा, आत बारवर जाऊन टेबल क्रमांक सांगून मागवायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. म्हणजे आईंना बारच्या जवळ जायचीच गरज नाही. फक्त त्यांना कुत्र्यांची भीती वाटत असेल तर कडेचं टेबल धरा, कुत्री टेबलाखाली बसलेली असतात. सप्टेंबरात ऊन असलं तरी पाण्याकाठी गार वारा असतो, शाल घ्या.

खायचं काय: इथे मात्र आधी फोन करा आणि नेमकं विचारा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं आलंच. रोस्टबरोबर देतात त्या यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतं. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हे विचारायला संकोच करू नका, ते नीट उत्तर देतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असू शकते. भाजलेला बटाटा लोणी किंवा चीज घालून बऱ्याच ठिकाणी मिळतो. पण चीजचंही माळकऱ्यांनी विचारावं, काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या रसाने) करतात. सासूबाईंनी स्वतःचा फुलका आणि चटणी पिशवीत ठेवली होती. मी बारवरच्या मुलीला कारण सांगून परवानगी विचारली, तिने आनंदाने हो म्हटलं आणि गरम पाणी आणून दिलं. न विचारता डबा उघडू नका एवढंच.

रविवारी जाऊ नका. रोस्टची, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाची, गर्दी असते आणि साधे पदार्थ यादीतून काढलेले असतात. मधल्या वारी, साडेबाराचं टेबल. गावाकडच्या पबात दुपारचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमाराला बंद होणं अजूनही सर्रास आहे.

आणि आईंना सिस्टर मेरी वॉर्डची गोष्ट नक्की सांगा. स्टोक ब्रुअर्नलाच कालव्याकाठी राहून त्यांनी बोटींवरच्या कुटुंबांची वर्षानुवर्षं शुश्रूषा केली. एका जागी न राहणारी माणसं, डॉक्टर कुठला, शाळा कुठली. 1951 मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. माझ्या सासूबाई पबपेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त बोलत होत्या.

पानकोंबडी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आईला 'तूपभात' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "मग चटणी मीच करून आणते." म्हणजे येणार!

आता असं ठरवतेय: गुरुवार, टेबल साडेबाराचं. मी आणि लेक दहाला वुल्व्हर्टनहून निघू. नवरा आई-बाबांना घेऊन सव्वाअकराला खालच्या लॉकांपाशी. एक शेवटची शंका. परत येताना लेक दमली तर काय? आणि नवऱ्याला बिअरचा एक पाइंट घ्यायचा असेल तर गाडी मी चालवायची का?

रानवाटा

दहाऐवजी साडेनऊला निघा, जलसेतूवर लेक हलणार नाही.

स्टोक ब्रुअर्नला रेल्वे स्टेशन नाही, म्हणून परतीची सोय गाडीचीच. मागे लावायचा सायकल रॅक भाड्याने किंवा उसना घ्या आणि मुलीची सायकल त्यावर टाका. पाच सीट आहेत, पण तुमच्यापैकी एक जण सायकलने परतला तर मागे आईंना पाय मोकळे ठेवता येतील. येताना ए508 वरून ओल्ड स्ट्रॅटफर्ड आणि मग ए5, वीसेक मिनिटांत घरी.

पिण्याबद्दल: गाडी चालवताना इंग्लंडमध्ये मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोलची, आपल्याकडे भारतात 30. आकडा मोठा दिसतो म्हणून कोणी फसू नये. गाडीत आई-बाबा आणि लेक असताना चालवणाऱ्याने काहीच घेऊ नये, असं माझं ठाम मत. घ्यायचा असेल तर नवऱ्याने घ्यावा आणि गाडी तुम्ही चालवा. पण मग त्याने सायकलही हातात घेऊ नये. नशेत सायकल चालवणं हाही इथे गुन्हा आहे आणि पाणी हातभर अंतरावर असतं. त्या दिवशी दोघांनी बिनअल्कोहोलची बिअर घेतली तर कोण कशाने परतणार हा प्रश्नच उरत नाही.

जुना नावाडी

गाडी संग्रहालयाच्या पार्किंगला लावा, पैसे भरावे लागतात. तिथून बाबांना आधी चालत खालच्या लॉकांकडे न्या, मग एकेक लॉक चढत वर या. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच्या लॉकपाशी बाकावर बसवा, तिथेही तेच दिसतं. एखादी बोट लॉकमध्ये शिरताना दिसली की बाबांनी बोटवाल्याला विचारावं, "दार ढकलू का?" बहुतेक बोटवाले हो म्हणतात.

पानकोंबडी

बाबांना हे आत्ताच फोनवर सांगितलं. बूट कुठले आणू, असं विचारताहेत. रबरी तळव्याचे सांगितले, दगड ओले असतात म्हणून. टेबलाचं बुकिंग उद्या सकाळी करते आणि तेलाचं, चीजचं तेव्हाच विचारते.