मदत हवी आहे: प्रायोजकांना बंदिशीत वडिलांचं नाव हवंय

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावात एक छोटं संगीत मंडळ आहे, मी त्याचा सचिव. म्हणजे सतरंज्या मोजणारा, कलाकारांना स्टँडवरून आणणारा आणि शेवटी शिव्या खाणारा. दरवर्षी थंडीत शाळेच्या पटांगणावर एक मैफल करतो. खर्च सव्वादोन लाखांच्या घरात. पूर्वी स्मरणिकेतल्या जाहिरातींवर भागायचं: पतसंस्था, दूधसंघ, सराफ. आता स्मरणिका कुणी उघडत नाही आणि जाहिरातही कुणी देत नाही. गेली दोन वर्षं निम्म्याहून जास्त पैसे गावातले एक पुढारी देतात. इथे त्यांना नुसतं 'दादा' म्हणतो.

गेल्या वर्षी काय झालं ते आधी ऐका. साडेसातला गायन सुरू व्हायचं ते दीपप्रज्वलन आणि भाषणांत साडेआठला सुरू झालं. बुवांचा विलंबित एकतालातला ख्याल जरा कुठे रंगायला लागला, तोच दादा आले. निवेदक थेट मंचावर चढला आणि माइकवर हात ठेवून सत्कार जाहीर केला. बुवा डोळे मिटून तसेच बसले. मागे तानपुरे चालूच. दादांच्या माणसाने घातलेल्या हाराचा दोरा तानपुऱ्याच्या खुंटीत अडकला, तो सोडवताना एक तार उतरली. पुन्हा जुळवाजुळव, तबलजींची हातोडी पुन्हा बाहेर. उघड्यावरचा लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे पावणेदहापासून हवालदार घड्याळ दाखवत होते. भैरवी चार मिनिटांत उरकली. जाताना बुवा मला एवढंच म्हणाले, "चहा छान होता."

यंदा दादांच्या वडिलांची जन्मशताब्दी आहे. मागण्या अशा: मैफलीला वडिलांचं नाव, मागच्या पडद्यावर वडिलांचा आणि (थोडा मोठा) दादांचा फोटो, मध्यंतरात सत्कार, आणि गायिकेने नवी बंदिश बांधायची ज्यात 'आबासाहेब' आले पाहिजेत. त्याचं वेगळं मानधन द्यायलाही तयार आहेत. नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर आहे, हे सांगायला नकोच.

बंदिशीवरून मी जरा नाक मुरडलं, तर दादा शांतपणे म्हणाले, "सचिव, तुमच्या ख्यालांत महम्मदशहाचं नाव चालतं. मग आमच्या आबांनी काय घोडं मारलंय?"

आणि खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. नियामत खाँ 'सदारंग' दिल्लीच्या महम्मदशहाच्या दरबारातले (त्याची कारकीर्द १७१९ ते १७४८), आणि सदारंगांच्या कितीतरी ख्यालांत 'महम्मदशा रंगीले' आहेच. आपण ते ऐकून माना डोलावतो.

तर, नाही म्हणायचं की कुठवर हो म्हणायचं? आणि मध्यंतरातला सत्कार कसा टाळायचा? कुणी अशा अटी लेखी ठरवून घेतल्या आहेत का?

---

कोमल_ऋषभ: बंदिशीतल्या नावाला एवढं घाबरू नका. नाव बहुधा अंतऱ्यात येतं, गाताना त्याचे तुकडे होतात, आणि राग चांगला असेल तर ते कुणाचं होतं हे लोक विसरतात. महम्मदशहाच्या काळात नादिरशहाने दिल्ली लुटली, ते अंतरा ऐकताना कुणाला आठवतं? फोटो आणि भाषण मात्र रागात विरघळत नाहीत. भांडायचं तर तिथे भांडा.

पंचगंगेकाठी: सगळ्याच आश्रयदात्यांना एका मापाने मोजू नये. शाहू महाराजांनी गवई अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात सांभाळलं म्हणून त्यांची गायकी आपल्याकडे रुजली. पण १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांना पुढे मुंबई गाठावी लागली. एका माणसावर उभ्या असलेल्या व्यवस्थेचं हे असं होतं. उलट बाजूला गायक विष्णु दिगंबर पलुस्कर पहा. मिरजेच्या संस्थानी आश्रयात शिकले, तिथून बाहेर पडले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या पैशांवर. तुम्हाला दादांचे सव्वा लाख लागतात ना? हजार रुपये देणारी सव्वाशे माणसं शोधा. वैताग आहे, पण सव्वाशे जण एकदम रुसत नाहीत.

सचिव (धागाकर्ता): @पंचगंगेकाठी, गावात शास्त्रीय ऐकणारी माणसंच साठ आहेत हो. त्यातली वीस फुकट पासवाली.

निवृत्त_श्रोता: सरकारी पैसा मिळाला तर सुटलो, असंही समजू नका. आकाशवाणीवर हार्मोनियमला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. गाणाऱ्याला पेटी हवी की नको, हे गाणाऱ्याने नाही, वरच्यांनी ठरवलं. दादा निदान राग कोणता गायचा ते सांगत नाहीत!

सचिव: सांगतात. "तो रडका नको, काहीतरी उठावदार गा" असा निरोप आहे. रडका म्हणजे मारवा.

खुंटी_पिळणारी: मी गाते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. मानधनाच्या पत्रातच एक ओळ टाका: 'तानपुरे जुळून गायन सुरू झाल्यावर कार्यक्रम संपेपर्यंत मंचावर अन्य कोणताही कार्यक्रम होणार नाही.' त्यावर कलाकाराची सही घ्या आणि ते पत्र प्रायोजकाला दाखवा. दोष आमच्यावर ढकला, आम्ही लहरी म्हणून आधीच बदनाम आहोत. सत्कार सगळ्यात आधी, दहा मिनिटं, दादांच्या हस्ते कलाकाराचा. त्यांना फोटो मिळतो, तुम्हाला वेळ. पडद्यावर फक्त वडिलांचं नाव ठेवा. आचारसंहिता लागली तर दादांचा फोटो नाहीतरी झाकावा लागेल, हे त्यांच्याच कानावर घाला. आणि नव्या बंदिशीचं दादांनी परस्पर ठरवू नये. त्या ताईंना आधी विचारलंय का कुणी?

सचिव: नव्हतं विचारलं. चूक माझी.

---

ताजी खबर (धागाकर्ता): सगळ्यांचे आभार. @खुंटी_पिळणारी, तुमची ओळ जशीच्या तशी पत्रात घातली. दादा दोन मिनिटं गप्प राहिले, मग "कलाकार म्हणतात तर ठीक" म्हणाले. सत्कार सुरुवातीला. दादांचा फोटो पडद्यावरून फाटकावरच्या फ्लेक्सवर गेला. तिथे तो केवढाही होवो.

ताईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "आबासाहेबांना नवी रचना अर्पण करते की. तराणा बांधते." दादांना कळवलं, खूश झाले. काल रात्री साडेदहाला त्यांचा फोन: "सचिव, तराणा ऐकला यूट्यूबवर. नुसतं तोम तनन, दिर दिर. यात आबांचं नाव कुठे येतं?"

उद्या सकाळी बंगल्यावर बोलावलंय. रात्रीपर्यंत काही सुचलं तर कळवा.