मदत हवी आहे : पसरणी घाटात बाईक बंद, सेल्फ लागतच नाहीये

वाटसरू_वाई
वाईहून पाचगणीला निघालोय, घाटात फोटोला दहा मिनिटं थांबलो आणि आता गाडी चालूच होईना. मीटर लागतो, हॉर्न वाजतो, सेल्फ दाबला की टिक पण नाही. सकाळपासून मस्त चालली होती. आई सोबत आहे, ऊन चढतंय, खालचा टेम्पोवाला यायला तयार आहे. पटकन सांगा कोणीतरी.

तात्या_सातारकर
चढाला पेट्रोल खाली पोचत नाही. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला लावा.

बोल्टनट
तात्या, एप्रिल २०२० पासून बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्या आल्या, पंपाने पेट्रोल देणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीला कॉक कुठला? आणि पेट्रोल नसलं तरी सेल्फ फिरतोच की. दादा, गाडी कुठली ते लिहा आधी. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय?

वाटसरू_वाई
१६० सीसी, २०२२ ची. हिरवा दिवा आहे, क्लच दाबून पण बघितलं. पाचशेचं पेट्रोल आजच टाकलंय.

तात्या_सातारकर
मग बॅटरी बसली. माझी खंबाटकीत अशीच बसलेली. उतारावर सोडा आणि दुसऱ्या गिअरला क्लच सोडा, होते चालू.

बोल्टनट
आईला मागे बसवून, बंद गाडी, पसरणीच्या वळणांवर? अजिबात करू नका. हॉर्न खणखणीत असेल तर बॅटरी एवढी मेलेली नाही. चावी ऑन केली की टाकीखालून दोन सेकंद झूंऽ असा पंपाचा आवाज येतो, तो येतोय का? कान लावून ऐका.

भटकी_मीनल
वाईला आलाच आहात तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून घ्या, नदीवरचा घाट फार सुंदर आहे.

वाटसरू_वाई
नाही येत आवाज. रोज येतो.

बोल्टनट
फोटोच्या वेळी गाडीवर कोणी बसलेलं का?

वाटसरू_वाई
हो, मामेभावाचा मुलगा, सहा वर्षांचा. ते कारने पुढे गेले. का?

बोल्टनट
उजव्या मुठीजवळ लाल बटण आहे, किल स्विच, इंजिन बंद करायचं. ते बंद असलं की पंप नाही आणि सेल्फ पण नाही. पोरं हमखास तेच दाबतात. बंदच्या खुणेवर असेल तर दुसऱ्या बाजूला करा.

वाटसरू_वाई
झाली चालू!! एका सेल्फमध्ये. दोन वर्षांत त्या बटणाला कधी हातच लावला नव्हता हो, ते कशाचं आहे तेच माहीत नव्हतं. पाऊण तास आई कठड्यावर बसून होती. मनापासून आभार दादा.

तात्या_सातारकर
तरी बॅटरीचं पाणी बघून घ्या.

बोल्टनट
तात्या, सीलबंद असते ती. वाटसरू, टेम्पोवाल्याला आधी फोन करा, बिचारा निघाला असेल.