स्टेजवर डझनभर वादक: इंडी रॉकला याचा खरंच फायदा होतो का?

मंद्रसप्तक

ब्रोकन सोशल सीन, आर्केड फायर, पॉलिफोनिक स्प्री, गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर. इंडी रॉक (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर वाढलेलं रॉक) वाजवणाऱ्या या बँडांबद्दल बोलताना एक गोष्ट हमखास कौतुकाने सांगितली जाते, ती म्हणजे स्टेजवर माणसंच माणसं. टोरंटोच्या ब्रोकन सोशल सीनमध्ये कधी सहा जण दिसतात, कधी पंधराच्याही वर. डॅलसची पॉलिफोनिक स्प्री दोनेक डझन लोकांना एकसारखे झगे घालून उभं करते. यातलं बरंच संगीत मला मनापासून आवडतं. तरीही माझं मत असं आहे की या गर्दीने गाण्याचं भलं होण्यापेक्षा नुकसानच जास्त वेळा होतं.

कुठल्याही मोठ्या बँडच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या गिटारवाल्यावर नजर ठेवून बघा. हात चाललेला दिसतो, पण त्या हाताचा आवाज कानाला सापडत नाही. तिघं-चौघं एकाच पट्टीत, एकाच सप्तकात, तेच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवत असतात. द व्हाइट स्ट्राइप्स या बँडमध्ये दोघंच होते, बेस गिटारसुद्धा नव्हती. जॅक व्हाइट गिटार वाजवायचा थांबला की तिथे खरोखर पोकळी तयार व्हायची आणि ती ऐकू यायची. बारा जणांत कोणी दोन ओळी गप्प राहिलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून मग कोणी गप्प राहतच नाही.

मोठा संच मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. टॉकिंग हेड्स बँडच्या कार्यक्रमाचा १९८४ चा चित्रपट ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ आठवा. डेव्हिड बर्न एकटा गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो. दुसऱ्या गाण्याला टीना वेमथ बेस घेऊन येते, मग ड्रम्स, मग दुसरी गिटार. असं करत स्टेजवर नऊ जण होतात, आणि तोवर प्रत्येकाचं काम आपल्याला पाठ झालेलं असतं. माझा निकष साधा आहे: या माणसाला काढलं तर गाण्यातलं काही जातं का? जात नसेल तर तो स्टेजवर कशाला?

रानवारा

निकषच मान्य नाही. समूहगानातून एक आवाज काढा, काही फरक पडत नाही. दुसरा काढा, तरी नाही. मग काय एकावर येऊन थांबायचं? आर्केड फायरच्या ‘वेक अप’ची सुरुवात ऐका (‘फ्युनरल’, २००४). शब्द नसलेली एक धून सगळा बँड मिळून गातो. एकट्या चांगल्या गायकाने तीच धून गायली असती तर ती चारचौघींसारखी झाली असती. प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे, प्रत्येकाची सुरुवात क्षणभर मागेपुढे, त्यातून तो भरीवपणा येतो. स्टुडिओत एकाच गायकाकडून तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन थरावर थर चढवतात, तेही हाच परिणाम साधायला.

दुसरं असं की ब्रोकन सोशल सीनमध्ये जागा ठरलेल्या नव्हत्याच. केव्हिन ड्रू आणि ब्रेंडन कॅनिंग यांनी १९९९ मध्ये सुरुवात केली, आणि बाकीच्यांचे आपापले संसार वेगळे. एमिली हेन्सचा मेट्रिक हा बँड, एमी मिलनचा स्टार्स, फाइस्टची स्वतंत्र कारकीर्द. जो मोकळा असेल तो दौऱ्यावर. ‘अँथम्स फॉर अ सेव्हन्टीन इयर-ओल्ड गर्ल’ रेकॉर्डवर हेन्सने गायलंय, पण स्टेजवर फाइस्टने गायलं, मिलनने गायलं, पुढे इतरांनीही गायलं. गाणं कोणा एकाच्या मालकीचं राहिलं नाही.

२२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात बॉम्बस्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात या बँडचा कार्यक्रम होता. तो झाला, सुरुवात याच गाण्याने झाली, आणि द स्मिथ्सचा जॉनी मार, म्हणजे मँचेस्टरचाच माणूस, त्यांच्यासोबत गिटार घेऊन उभा राहिला. त्याला काढलं असतं तर गाण्यातलं काय गेलं असतं, हा प्रश्न तिथे विचारून बघा.

कन्सोलवाला

मी साउंडचं काम करतो, त्यामुळे थोडं मिक्सरच्या बाजूने सांगतो.

माणसं वाढली की आवाज वाढतो हा समज अर्धाच खरा आहे. सारख्याच जोराने वाजणारी एकाची दोन वाद्यं केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. ऐकणाऱ्याला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे एकाच्या जागी दहा जण. उलट तोटा लगेच होतो: उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅक (स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी) सुरू होण्याआधी जेवढा आवाज चढवता येतो, तो ३ डेसिबलने घटतो. गायिकेच्या माइकमध्ये मागचा ट्रम्पेट शिरतो, व्हायोलिनच्या माइकमध्ये झांजा शिरतात. मग गायिकेला वर काढायला गेलं की ट्रम्पेटही वर येतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन वादकांमध्ये दहा मीटर अंतर असेल तर एकाचं वाजवलेलं दुसऱ्याला थेट ऐकू यायला जवळजवळ ३० मिलिसेकंद लागतात. तेवढ्याने लय ढिली पडते. म्हणून मोठ्या संचाला कानात घालायचे मॉनिटर (वादकाला स्वतःचं आणि इतरांचं ऐकवणारे छोटे स्पीकर) जवळपास लागतातच, आणि प्रत्येकाला त्यात वेगळं मिश्रण हवं असतं. हे नीट बसवायला साउंडचेकला वेळ लागतो. महोत्सवात तो मिळत नाही, आणि असे बँड महोत्सवातच जास्त वाजवतात.

मंद्रसप्तक

@रानवारा, गाणाऱ्यांबद्दल तुमचं पटतं. आवाजांची संख्या वाढली की पोत बदलतो आणि तो पोतच हवा असतो. पण चौथ्या गिटारने पोत बदलत नाही, ती पहिल्या तिघींवर चढते.

‘अँथम्स’चं उदाहरण मला तर माझ्याच बाजूचं वाटतं. २००२ च्या त्या रेकॉर्डवर काय आहे? बँजो, व्हायोलिन, हेन्सचा मुद्दाम विचित्र केलेला आवाज, आणि त्याच त्या काही ओळी पुन्हा पुन्हा. गाणं हळूहळू दाट होतं, पण कोणीही अंगावर येत नाही. इतकी माणसं हाताशी असताना त्यांनी हात आखडता घेतला, म्हणून ते गाणं टिकलं.

मँचेस्टरचा प्रसंग मोठा होता, त्याबद्दल आदरच आहे. पण त्या संध्याकाळचं मोठेपण वाद्यरचनेच्या खात्यावर जमा करता येत नाही. जॉनी मार तिथे नुसता उभा राहिला असता तरी लोकांना भरून आलं असतं.

शुभ्रा_

एक मुद्दा राहिलाच. रोज संच बदलतो म्हटल्यावर तालीम कधी करणार? नव्याने येणाऱ्याला दोन दिवसांत जमेल असंच काहीतरी द्यावं लागतं, म्हणजे सरळ कॉर्ड. मंद्र म्हणतात ती गिटारींची खिचडी आवडीपेक्षा अडचणीतून आलेली असावी. त्यात पंधरा जणांचा प्रवास, मुक्काम, आणि मानधन मात्र बँडला एकच. छोटा बँड त्याच पैशात महिनाभर तालीम करेल.

रानवारा

@शुभ्रा_, सरळ कॉर्ड म्हणता, तर त्यांचंच २००५ चं ‘७/४ (शोरलाइन)’ ऐका. नावातच आहे, सात मात्रांत चालतं. चार मात्रांची सवय असलेल्या ड्रमरला ते दोन दिवसांत बसणार नाही. फाइस्टचा आवाज, खाली अडखळल्यासारखी पण न थांबणारी लय, आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) मात्र बराच वेळ हात राखून. शेवटाकडे ब्रास येतं तेव्हा छाती भरून येते, कारण तोवर ते रोखून धरलेलं असतं. मंद्र, तुम्हाला हवी असलेली शिस्त ती हीच ना? मग गर्दीतही ती असते. गॉडस्पीडचे लोक तर कित्येक मिनिटं जवळजवळ काहीच न वाजवता बसतात. दोन ड्रमर, तंतुवाद्यं, मागे पडद्यावर फिल्मची रिळं, आणि एकच स्वर लांबवत नेलेला. हे तिघांनी करून दाखवावं.

आणि तालमीचं म्हणाल तर हे लोक एकमेकांच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं वाजवत आलेत. बाहेरून येणारा म्हणजे घरचाच माणूस.

मंद्रसप्तक

‘शोरलाइन’ उत्तम आहे, वादच नाही. पण त्याच बँडच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये त्याच गाण्यात किती गिटारी वेगळ्या ऐकू येतात ते सांगा. मला दोन सापडतात, दिसतात मात्र चार.

@कन्सोलवाला, तुम्हीच सांगा, चौथ्या गिटारचं तुम्ही काय करता?

कन्सोलवाला

साउंडचेकला आधी विचारतो की या गाण्यात मुख्य गिटार कोणाची. ती मध्ये ठेवतो. दोन डावी-उजवीकडे लांब सारतो आणि त्यांचा २०० ते ४०० हर्ट्झचा भाग कापतो, कारण सगळा चिखल तिथेच साचतो. चौथी प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरमध्ये जवळपास नसतेच. तिच्या अ‍ॅम्पमधून पुढच्या रांगेपर्यंत जो आवाज जाईल तेवढाच.

मंद्रसप्तक

आणि वाजवणाऱ्याला हे माहीत असतं?

कन्सोलवाला

बहुतेक वेळा नसतं. त्याच्या कानात त्याची स्वतःची गिटार सगळ्यात मोठी असते. तशीच मागतो तो.

रानवारा

हे वाचून वाईट वाटलं. पण यात दोष माणसं जास्त असण्याचा नाही, त्या माणसाला न सांगण्याचा आहे. सांगितलं तर तो गिटार ठेवून दुसरं काही उचलेल. आर्केड फायरमध्ये हेच चालतं: रेजीन शासान्य एका गाण्यात अ‍ॅकॉर्डियन घेते, दुसऱ्यात ड्रम्सवर बसते, तिसऱ्यात पुढे येऊन गाते. बाकीचेही गाण्यागणिक जागा बदलतात. कोणी नुसता ड्रम उचलून बडवतो आणि गळा काढून गातो. त्याला काढून टाकायची गरज पडत नाही.

मंद्रसप्तक

असं होत असेल तर पंधरा काय, पंचवीस जण आणा. फक्त मग ती गिटार स्टँडवरच राहायला हवी, शेवटच्या गाण्यातसुद्धा.

रानवारा

शेवटच्या गाण्यात नाही. तिथे सगळे आत, सगळ्या गिटारी चालू. चिखल झाला तर होऊ दे.

कन्सोलवाला

मी चौथी तेव्हाही खालीच ठेवणार. गायिका ऐकू आली नाही तर पहिली तक्रार माझ्याकडे येते.